ताईचं नाक

धाकट्याने फिकट निळा शर्ट उलटा केला आणि काखेची बाजू ताईच्या नाकापुढे धरली. भाजी चिरणं थांबवून तिने डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला.

"चालेल."

"नक्की?"

"नक्की रे बाबा! पळ आता, उशीर होतोय."

तो चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. खोली अंधारी, खुराड्याएवढी. समोरच्याच्या नाकाशी आपला खांदा. स्वतःच्याच घामाच्या उग्र दर्पाने पोरवयापासून छळलेल्या माणसाला नेमकं हेच काम आवडावं, याला काय म्हणावं! आधीच्या दुकानातून त्याला याच कारणाने नारळ मिळाला होता. इथल्या मालकांनीही सुरुवातीलाच बाजूला घेऊन बजावलं होतं, गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली तर माझा नाइलाज होईल. तेव्हापासून टेरिकॉट घरातून हद्दपार झालं. त्याने एकाच ताग्यातले सैल, सुती शर्ट शिवून घेतले. अंगातून काढला की शर्ट उलटा करून व्हिनेगरच्या पाण्यात भिजायचा, मग काखेत खायचा सोडा चोळून धुतला जायचा आणि कडक उन्हात वाळायचा. कपडे धुण्याच्या कामात तो ताईला हात लावू देत नसे. पण स्वतःचा वास स्वतःला थोडाच कळतो? तिथे सारी भिस्त ताईच्या नाकावर. अधूनमधून ती एखादा शर्ट नाक मुरडून परत करायची. तो मुकाट्याने दुसरा घालायचा.

दुपारी एका आजीबाईंच्या डोळ्यापुढे भिंग धरताना त्याला आपल्या बाहीवर शाईचा डाग दिसला. डाग कालचा होता. रात्री थकून खुर्चीवर टाकलेला शर्टच त्याने सकाळी धुतलेला समजून उचलला होता. सगळे एकसारखे, कळणार कसं? त्याने दंड अंगाशी आवळून धरला. तेवढ्यात आजीबाईंनी तोंड फिरवलं.

"जरा दार उघडतोस का रे बाळा?"

संध्याकाळी मालकांनी बोलावून घेतलं. एरवी ते त्याला गमतीने डॉक्टर म्हणायचे. आज म्हणाले नाहीत.

"इतक्या दिवसांत तुमच्याबद्दल एक शब्द ऐकला नव्हता. आज दोघं बोलली. सांभाळा."

तो तणतणतच घरात शिरला.

"सकाळी काय हुंगलंस तू? कालचा, घामाने भिजलेला शर्ट होता हा! माझी नोकरी जाईल ना!"

ताईचा चेहरा खर्रकन उतरला. हातातल्या फडक्याची तिने घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली.

"मला वास येत नाही रे. त्या मोठ्या तापात गेला, तो आलाच नाही."

"मग नाक मुरडायचीस ते?"

"रोजच चालेल म्हटलं असतं, तर तुझा विश्वास बसला असता का?"

तो मटकन खुर्चीत बसला. मोठा ताप म्हणजे तो या दुकानात लागला त्या सुमाराचा.

"म्हणजे इतके दिवस..."

"इतके दिवस तुझं धुणंच चोख होतं. मी नुसतं नाक पुढे करायची. तू ताठ मानेने बाहेर पडायचास, मला बरं वाटायचं."

त्याचा राग कुठल्या कुठे गेला. लाज वाटली, आणि तिच्याबद्दल भरून आलं. रोज सकाळी तो तिला आपला वास विचारत होता; तिचं काय चाललंय, हे कधी विचारलं नव्हतं.

ताईने ओट्यावरचं पातेलं त्याच्यापुढे सरकवलं.

"आता कळलंच आहे, तर हे दूध बघ बरं."

तो वाकला आणि झटकन मागे झाला.

"नासलंय हे! ताई, मग तुला एरवी कळतं कसं?"

"त्यात काय कळायचंय?" ती पातेलं मोरीकडे नेत म्हणाली. "शंका आली की आधी मी खाऊन बघते. मला काही झालं नाही, तर तुला वाढते."