बसथांब्याजवळचं घर

डेझमंड पार्जेटर खिडकीपाशी गेला तो तिथंच खिळला. काचेपलीकडे नुसता समुद्र होता.

"ॲव्हरिल, अगं इकडं ये! हे बघ तरी!"

ॲव्हरिल गेली नाही. ती घरं दाखवणाऱ्या केन्साला विचारत होती, "इथून बस कुठं मिळते हो?"

"बस?" केन्सा हसली. "वर हमरस्त्यावर. आठवड्यातून दोनदा. अर्धा तास चालायचं, आणि चढ आहे हं चांगलाच. पण तुमच्याकडे गाडी आहे ना?"

गाडी होती, पण ती चालवायची ॲव्हरिल. डेझमंडला तरुणपणी फिट यायच्या, म्हणून त्यानं चाकाला कधी हातच लावला नाही. चाळीस वर्षं कॉव्हेंट्रीत गाड्यांचे सुटे भाग घडवले आणि चाळीस वर्षं बायकोच्या शेजारी बसून तिला चुकीचे रस्ते सांगितले.

निवृत्त इंग्रज माणसाला कॉर्नवॉलचा समुद्र दिसला की त्याची अक्कल गहाण पडते. ऑगस्टमध्ये आइस्क्रीम चाटत तो घर पसंत करतो आणि डॉक्टर वीस मैलांवर आहे हे त्याला जानेवारीत कळतं. म्हणून ॲव्हरिलनं मुद्दाम फेब्रुवारी निवडला होता. पाऊस आडवा येत होता. गल्लीत अकरा घरं, त्यातली नऊ बंद, मालक लंडनला. एवढं बघून तरी नवरा ताळ्यावर येईल असं तिला वाटलं होतं. पण त्याला ती बंद घरं दिसलीच नाहीत.

दोन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी तिला स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं सांगितलं होतं. एप्रिलमधला ईस्टर बघाल म्हणाले, उन्हाळ्याचं काही बोलले नाहीत. डेझमंडला तिनं 'पित्त झालंय' म्हणून सांगितलं. कॉव्हेंट्रीचं घर त्याआधीच विकलं गेलं होतं, मेपर्यंत सोडायचं होतं. आता खरं सांगितलं असतं, तर या खुळ्यानं तिच्यासाठी हेच घर घेतलं असतं. तिचे उरलेले चार महिने बघितले असते आणि स्वतःची पुढची पंधरा वर्षं या टेकाडावर एकट्यानं कुजत काढली असती. ते तिला नको होतं. त्याचं बूड नीट जागी टेकलेलं बघूनच तिला जायचं होतं.

दुपारी ते समुद्रापासून आत, रेडरुथ गावात पोचले. सुपरमार्केटच्या मागे तळमजल्यावर दोन खोल्या होत्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बसथांबा दिसत होता, आणि ट्रॉल्यांची रांग.

"हे बघायला अडीचशे मैल आलो आपण?" डेझमंड म्हणाला. "कॉव्हेंट्रीत काय ट्रॉल्या नव्हत्या?"

"डॉक्टर समोरच आहेत. स्टेशन दहा मिनिटांवर. तुझी बहीण दोन गल्ल्या सोडून."

"नॉर्मा? म्हणजे रोज चहाबरोबर तिचे गुडघे ऐकायचे!"

केन्सा फिस्सकन हसली. ॲव्हरिलच्या पोटात कळ आली. तिनं नळ पुरता सोडला आणि ओट्याची कड घट्ट धरली.

"काय करतेस?"

"पाण्याला जोर आहे का बघतेय."

"तू अशी नव्हतीस ॲव्ही," तो म्हणाला. आवाजात थट्टा नव्हती. "माझ्याआधी तूच म्हणायचीस, समुद्राकाठी मरू म्हणून. आता बस काय, डॉक्टर काय! भित्री झालीस तू. म्हातारी झालीस."

तिला ते लागलं. भांडावं, सगळं त्याच्या तोंडावर फेकावं, असं क्षणभर वाटलं. पण इंग्लंडात सौदा ठरला तरी तो पक्का करणाऱ्या कागदांची अदलाबदल व्हायला दहा आठवडे जातात, आणि तोवर कुणीही माघार घेऊ शकतो, डेझमंडसुद्धा. तिनं नळ बंद केला. दहा आठवडे तिला असंच गप्प बसायचं होतं.

डेझमंड ट्रॉल्यांच्या खिडकीपाशी गेला. मग वळला.

"बरं. घेऊ हेच. पण एका अटीवर. पाच वर्षं इथं, मग हे विकायचं आणि समुद्रावर. तेव्हा बसबिस काही ऐकणार नाही. कबूल?"

तिनं ओला ओटा पुसायला घेतला.

"बघा," तो केन्साला म्हणाला, "कबूल नाही! मग मी मागणीपत्रावर सहीच करत नाही. सकाळचंच घर घेतो."

"द्या की हो शब्द, मिसेस पार्जेटर," केन्सा म्हणाली. "मी आहे साक्षीला. पाच वर्षांनी मलाच फोन करा, तुमच्यासाठी छानसं घर शोधून ठेवते."

डेझमंडनं हात पुढे केला. आजवर ती त्याच्याशी काही बाबतीत खोटं बोलली होती, पण हातावर हात देऊन कधी नाही.

"पाच कशाला?" तिनं त्याचा हात धरला. "चारच वर्षं काढू."

"चार! ऐकलंत ना?" डेझमंडचा चेहरा उजळला. त्यानं खिशातून पेन काढलं आणि सही कुठं करायची ते केन्साला विचारलं.