पोटावरचे काज

मित्रांनो, नाक मुरडायचे असेल तर आत्ताच मुरडून घ्या. मी एक जुने मोठे आतडे आहे. साठी ओलांडलेल्या एका शिंप्याच्या पोटात माझा मुक्काम आहे. हृदयावर लोक गाणी रचतात, डोळ्यांचे कौतुक करतात, मेंदूला तर सगळेच मान देतात. माझे नाव मात्र चारचौघांत कुणी काढत नाही. तरी मी आज तक्रार घेऊन आलेले नाही. मला आभार मानायचे आहेत, आणि आभार नीट मानायचे तर हकीकत पहिल्यापासून सांगायला हवी.

माझे मालक जन्मले, पहिल्यांदा दूध प्याले आणि त्याच दिवशी आमच्या घराण्याचे काम सुरू झाले. घराणे मोठे आहे. दात घास दळतात, लाळ तो भिजवते. अन्ननलिका त्याला हळूहळू पुढे ढकलत खाली पोचवते. जठर आपला आंबट रस ओतून त्याचा लगदा करते. मग यकृताकडून पित्त येते, स्वादुपिंडाकडून पाचक रस येतो आणि सगळा माल लहान आतड्याच्या ताब्यात जातो. त्याच्या नावावर जाऊ नका. ते अरुंद आहे म्हणून लहान. लांबीने माझ्या चौपट तरी भरेल. अन्नातले सत्त्व तेच वेचते आणि रक्ताच्या स्वाधीन करते. एवढा कामसू भाऊ शोधून सापडणार नाही.

त्याच्याकडून जे उरते ते माझ्याकडे येते. पाणी, क्षार, साली, तंतू. मी पोटात उजवीकडून वर चढते, वरच्या बाजूने आडवे जाते आणि डावीकडून खाली उतरते. वाटेत मी त्या चोथ्यातले पाणी शोषून शरीराला परत देते. मी ते दिले नाही तर काय होते, हे ज्याला जुलाब झालेत त्याला विचारा! माझ्याकडे कोट्यवधी जीवाणू भाडेकरू म्हणून राहतात. पचायला राहून गेलेले तंतू ते खातात आणि भाडे म्हणून थोडी जीवनसत्त्वे देतात. वायूही करतात, पण एवढे भाडेकरू म्हटल्यावर थोडा गोंगाट चालायचाच.

सकाळी चहा पोटात गेला की जठर मला निरोप धाडते, "वरून माल येतोय, खाली जागा कर." मग मी सगळे माझ्या शेवटच्या टोकाकडे ढकलते आणि मालकांना हाक देते, "चला, उठा." माझी एवढीच अपेक्षा असते, की हाक दिली की उठावे.

पण माझे मालक उठत नसत.

बाजारातल्या एका अरुंद गल्लीत त्यांचे कपडे शिवायचे दुकान आहे. एक शिलाई मशीन, कापायचे टेबल, भिंतीला लटकलेले अर्धे शिवलेले कोट. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. हात असा सफाईदार, की त्यांनी घातलेली काजे बघायला दुसरे शिंपी यायचे. मात्र दुकानाला संडास नव्हता. बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला जावे लागे. तेवढ्यात गिऱ्हाईक आले तर? म्हणून मास्तर मला दाबून धरायचे. वारंवार उठावे लागू नये म्हणून पाणीही बेताचेच प्यायचे. डब्यातली भाजी परत जायची, कारण पावाचे दोन घास मशीनवर बसल्या बसल्या खाता येतात.

मी हाका मारून मारून थकले. चोथा माझ्यातच पडून राहिला, त्यातले पाणी मी शोषत राहिले आणि तो दगडासारखा घट्ट होत गेला. खाली डाव्या बाजूला माझे एक सैल वळण आहे. वर्षानुवर्षे ओझे वाहून ते ताणले गेले, लोंबू लागले.

मग शाळा उघडायचे दिवस आले. गणवेशांचे ढीग लागले. दोन दिवस मास्तरांचे पोट फुगलेले होते.

"अहो, पोट बघा कसं नगाऱ्यासारखं झालंय. डॉक्टरकडे चला," त्यांची बायको म्हणाली.

"गॅस झालाय गं. एवढे गणवेश हातावेगळे होऊ देत."

त्या दुपारी ते सैल वळण स्वतःभोवतीच फिरले आणि मला पीळ पडला. मित्रांनो, कुणाचे दुःख पाहिले की आतडे पिळवटले असे तुम्ही म्हणता. मी खरोखरच पिळवटले. मला चिमटा काढला किंवा कापले तर कळत नाही, पण ताणले की जीव जातो. मास्तर मशीनवरच वाकले आणि त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला, की शेजारच्या दुकानातले घड्याळजी डोळ्याचे भिंग तसेच ठेवून धावत आले. त्यांनीच मास्तरांना रिक्षात घातले.

दवाखान्यात एक सर्जन होत्या. सगळे त्यांना डॉक्टरबाई म्हणत. पोटावर हात ठेवून त्यांनी मास्तरांच्या बायकोला बाजूला घेतले. "आतड्याला पीळ पडलाय. रक्त पोचत नाहीये. आत्ता ऑपरेशन केलं नाही तर हाताशी काही राहणार नाही."

"वाचतील ना?"

"मी माझ्याकडून काही कमी पडू देणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. खोटा शब्द त्यांनी दिला नाही.

माझा हातभर भाग काळा पडला होता. तो त्यांनी कापून टाकला. उरलेली दोन टोके लगेच जोडली असती तर सुजलेल्या जागी टाके टिकले नसते. म्हणून खालचे टोक त्यांनी शिवून बंद केले, आणि वरचे टोक पोटाच्या डाव्या बाजूला छोटे भोक पाडून बाहेर आणले, कडेने कातडीला शिवून टाकले. त्यावर एक पिशवी चिकटवली. आता मळ त्या पिशवीत पडणार होता.

आयुष्यभर अंधारात राहिलेल्या मी असा पहिल्यांदा उजेड पाहिला. लालचुटूक, ओलसर, रुपयाएवढे मी. मास्तरांचा जीव वाचला होता. मला वाटले, आता तरी ते माझ्याकडे बघतील.

त्यांनी मान फिरवली.

घरी आल्यावर पिशवी त्यांची बायको बदलायची. कोमट पाण्याने माझ्याभोवतीची कातडी पुसायची, कोरडी करायची, नवी पिशवी लावायची. तेवढा वेळ मास्तर छताकडे बघत पडून असायचे. दुकान बंद झाले. खाली माझे दार राखणारे स्नायू होते, तसे पोटावरच्या या नव्या तोंडाला नव्हते. त्यामुळे आवाज माझ्या किंवा त्यांच्या हातात राहिला नव्हता. एकदा घड्याळजी भेटायला आले आणि ऐन बोलण्यात मी मोठ्याने वाजले. मास्तरांचा चेहरा पडला.

घड्याळजी म्हणाले, "मास्तर, माझ्या दुकानात दहा घड्याळं दहा वेळी टोले देतात. मी कधी लाजलोय का?"

मास्तर हसले नाहीत. घड्याळजी गेल्यावर ते बायकोला म्हणाले, "उद्यापासून कुणाला घरात घेऊ नकोस. आपण काही माणसांत बसायच्या लायकीचे राहिलो नाही."

तिने हातातला कपडा खाली ठेवला. "ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसून मी काय मागत होते, माहितीये? माणूस तेवढा परत मिळू दे, कसाही. तो मिळाला. तुम्हाला मात्र तो नकोसा झालाय."

पुढच्या तपासणीला नेले तेव्हा मास्तरांनी नेहमीसारखी कुरकुर केली नाही.

डॉक्टरबाईंनी पिशवी काढली आणि म्हणाल्या, "मास्तर, आज नवी पिशवी तुम्ही लावायची."

"मला नाही जमणार."

"न बघता कसं जमेल? आधी बघा तरी."

मास्तरांनी हळूच मान खाली घातली आणि मला पाहिले. त्यांनी खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. अजून वाकले. त्यांच्या नजरेतली किळस जाऊन तिथे दुसरेच काही आले. गल्लीत कुणी अंगावर चांगला कोट घालून गेला की त्यांची नजर अशी व्हायची.

"हे काज आहे," ते पुटपुटले.

"काय?"

"काज हो. गोल काज. कापडाला भोक पाडायचं, आतलं अस्तर बाहेर ओढून दुमडायचं, कडेनं टाके घालायचे. कोणी घातलं?"

"मीच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "टाके आता विरघळलेत, खुणा तेवढ्या दिसतात."

"अंतर कसं सारखं पडलंय." त्यांनी बोट पुढे केले, थांबले. "हात लावला तर चालेल?"

"तुमचंच आहे."

मास्तरांनी माझ्या कडेवरून हलकेच बोट फिरवले. मला स्पर्श कळत नाही हे खरे, पण आजूबाजूच्या कातडीने मला सांगितले, की बोट थरथरत नव्हते. बायको दाराशी उभी होती. तिने पदर तोंडाला लावला.

त्या दिवसानंतर मास्तर मला स्वतः पुसू लागले. प्लास्टिकची पिशवी कातडीला चिकटून घाम येतो, चालताना खसखसते, हे त्यांच्या लक्षात आले. कपाटातले मऊ सुती कापड काढून त्यांनी पिशवीला खोळ शिवली. आतून अस्तर, वरून झडप, कमरेला ओझे पेलणारा पट्टा. ती घालून त्यांनी शर्ट चढवला, आरशात एकदा उजवीकडून पाहिले, एकदा डावीकडून, आणि म्हणाले, "अगं, दुकानाची किल्ली कुठंय?"

दवाखान्यातल्या सिस्टरने ती खोळ पाहिली आणि दुसऱ्या दोन पेशंटसाठी मागून घेतली. मग आणखी मागितल्या. बघता बघता कोटांच्या शेजारी खोळींची चळत लागली.

मधल्या काळात माझी सूज उतरली आणि मला पुन्हा जोडायचा दिवस ठरला. मास्तर घाबरले होते. माझीही तीच गत होती. डॉक्टरबाईंनी मला कातडीपासून सोडवले, आत घेतले आणि बंद पडलेल्या खालच्या टोकाशी टाका टाका जुळवून शिवले. आता जोड धरतो की उसवतो, हे कळायला एकच मार्ग होता. मी चालू लागले पाहिजे. आणि मी चालू लागल्याची पहिली वर्दी म्हणजे, मित्रांनो, पादणे. हसा, खुशाल हसा. पण त्या वॉर्डात त्यासाठी माणसे डोळे लावून बसतात.

सिस्टर दर फेरीला विचारायच्या, "मास्तर, गॅस पास झाला का?"

"नाही हो."

घड्याळजी खिडकीबाहेरून खुणेने विचारायचे. मास्तर मान हलवायचे. मी सुन्न होऊन पडले होते. भुलीचा अंमल गेला तरी अंग हलत नव्हते. बायको त्यांना हाताला धरून वॉर्डात चालवायची, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मास्तर पाऊल टाकताना हळू आवाजात म्हणायचे, "चल रे बाबा. इतकी वर्षं तू बोलावलंस, मी आलो नाही. आता मी बोलावतोय."

ते ऐकले आणि मला कुठूनसा हुरूप आला. वरून लहान आतड्याने हलका धक्का दिला. मी आवळले, सैल झाले, पुन्हा आवळले. लाट जोडापाशी आली. मी श्वास रोखला. लाट जोडावरून पुढे गेली, आणि डॉक्टरबाई राऊंडला शेजारच्या खाटेशी उभ्या असताना, भर दुपारच्या शांततेत, मी असे वाजले की सगळ्या वॉर्डाने माना वळवल्या.

"अहो, ऐकलंत का?" बायको ओरडली. "झालं! झालं!" ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. समोरच्या खाटेवरच्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरबाई हातातला कागद छातीशी धरून म्हणाल्या, "मास्तर, आज सूप प्यायचं." मेंदूला, हृदयाला असा मान कधी मिळाला असेल तर मला सांगा.

म्हणून, मित्रांनो, एवढीच विनवणी करते. पाणी पोटभर प्या, फळे आणि भाज्या डब्यातून परत पाठवू नका. आतून हाक आली की उठा. खेळ थांबेल, वर्ग थांबेल, कुणी हसेल तर हसू द्या. शाळेतला संडास स्वच्छ नसेल तर मोठ्या माणसांना तसे सांगायला लाजू नका. आम्ही फार काही मागत नाही.

इथेच थांबणार होते, पण परवाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सिस्टरचा निरोप आला म्हणून मास्तर वॉर्डात गेले. तिथे गाणे शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांच्या पोटावर नुकतीच पिशवी आली होती. भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. कुणाशी बोलत नव्हत्या. मास्तर स्टुलावर बसले.

"मी शिंपी आहे. खोळ शिवायला आलोय."

"मला काही नको. तुम्हाला काय कळणार?" बाई भिंतीलाच म्हणाल्या.

मास्तरांनी शर्टाचे टोक वर केले. माझ्या जागी आता एक आडवा व्रण आहे. "इथं होतं माझं. मीही बघायचो नाही."

बाईंनी कूस बदलली. व्रणाकडे पाहिले, मग मास्तरांकडे.

"शिकवताना मध्येच आवाज झाला तर?"

"होईल की. मुलं हसतील. तुम्हीही हसा, आणि पुढची ओळ घ्या."

बाई हसल्या नाहीत. पण जरा उठून बसल्या, उशी पाठीशी घेतली. मग हळूच म्हणाल्या, "निळं कापड असेल का तुमच्याकडे?"

"गडद की फिकं?" मास्तरांनी विचारले आणि गळ्यातला टेप काढला.