डाव्या पायाची वहाण

मी एक जुनी वहाण आहे मित्रांनो, केवळाबाईच्या डाव्या पायाची. धर्माबादच्या बाजारात वहाणा शिवणाऱ्या भुजंगने मला आणि माझ्या उजव्या बहिणीला एकाच कातड्यातून कापलं. केवळाबाईने एरंडेल पाजून पाजून आम्हांला असं मऊ केलं, की शेजारणी तिच्या पायांकडे वळून बघायच्या. मला त्याचा भारी तोरा होता.

वावरात मात्र ती आम्हांला बांधावरच काढून ठेवायची. काळ्या आईवर वहाण घालून जायचं नाही, ही तिच्या सासरची रीत. असंच एकदा खुरपून ती बांधावर आली, तेव्हा तिच्या टाचेवर मला काळा ठिपका दिसला. घरच्यांना वाटलं, काटा मोडला असेल. नवऱ्याने, किशनरावांनी, बिब्बा तापवून त्याच्या तेलाचा चटका दिला. पायाला काही झालं की आमच्याकडे हेच औषध. ठिपका पसरत गेला, चटके चालूच राहिले. टाच फुटून माझ्यावर रक्त सांडू लागलं, तेव्हा कुठे किशनरावांनी तिला नांदेडला नेलं.

तो कातडीचा कॅन्सर होता. डॉक्टर मंजुश्रींनी समजावलं, की ऑपरेशनच्या आधीच औषध दिलं तर गाठ आकसते का, हे तपासणं चालू आहे. आकसली तर पाय वाचेल, पण खात्री नाही. मी खाटेखाली जीव मुठीत धरून ऐकत होते.

केवळाबाईने विचारलं, "मला गुण न्हाई आला तर?"

"तरी पुढच्या पेशंटसाठी आम्हाला काही कळेल, मावशी," डॉक्टर म्हणाल्या.

"मंग द्या."

सलाईनमधून औषध सुरू झालं. आधी गाठ खरंच आकसली. केवळाबाई मला घालून वॉर्डात फिरली, आणि मी वेडी हरखून गेले. पण गाठ पुन्हा वाढली. शेवटी पाय गुडघ्याखाली कापावा लागला. जिवावरचं पायावर निभावलं, असं गावचे लोक म्हणाले. मी खूप रडले.

आता उजवी बहीण कुबडीच्या सोबतीने अंगणात फिरते. मी कोनाड्यात असते. किशनराव मला उकिरड्यावर टाकायला निघाले होते. केवळाबाईने त्यांना अडवलं. "राहू द्या. माझी टाच तिच्यातच उरली हाय," ती म्हणाली. अजूनही ती आम्हां दोघींना एरंडेल लावते.

मित्रांनो, आईच्या, आजीच्या पायाचे तळवे कधीतरी उलटून बघा. काळा डाग पसरत असेल तर चटका देत बसू नका, लगेच दवाखान्यात न्या. पायातली वहाण पायातच बरी, असं लोक म्हणतात. मला तरी दुसरं काय हवं होतं?