दुखतंय म्हणजे लागू पडलंय

शिट्टी गळ्यात अडकवली म्हणजे माणूस कोच होत नाही, हे माझ्या दिराला कुणीतरी सांगायला हवं होतं. मी सांगितलं असतं, पण मी पडले वहिनी. त्यातून फिजिओथेरपिस्ट, म्हणजे त्याच्या मते तेल चोळणारी बाई.

त्याची मुलगी, माझी पुतणी, दोनशे मीटर पळते. रविवारी संघनिवडीची शर्यत होती. ह्या महाशयांनी शुक्रवारी संध्याकाळी फोनवर कुठलासा व्हिडिओ पाहिला आणि पोरीला क्लबच्या हॉलमध्ये गुडघ्यांवर उभं केलं. ह्यानं तिचे घोटे दाबून धरायचे आणि तिनं अंग ताठ ठेवून हळूहळू पुढं झुकत जमिनीपर्यंत जायचं. सगळा भार मांडीमागच्या स्नायूंवर. पुन्हा पुन्हा, पाय थरथरेपर्यंत. वर उत्साहाच्या भरात "बघ, असं!" म्हणत बाकाखाली पाय अडकवून स्वतःही केलं. व्यायाम चांगलाच आहे, मीही देते. पण शर्यत तोंडावर आलेली असताना? तहान लागल्यावर विहीर खणणारा परवडला. ह्यानं भरल्या विहिरीत दगड टाकले.

शनिवारी पोरगी लंगडत माझ्याकडे आली. तिला पालथं झोपवलं, गुडघा वाकवून धरायला सांगितला आणि टाच खाली ओढली. एरवी ह्या पायाशी मला झटावं लागतं. त्या दिवशी तो मुकाट खाली आला. उताणी करून पाय सरळ वर उचलला, तर अर्ध्यावरच ओरडली.

"काकू, पाय माझा वाटतच नाहीये. कुठं पडतोय तेच कळत नाही."

"स्नायू ताणला जात असताना भार पेलत होता ना, म्हणून दमलाय. जोर कमी, आखडलेला, आणि अंदाजही चुकतो. आठवड्याभरात आपोआप येईल ठिकाणावर. पुढच्या वेळी एवढं दुखणारही नाही. पण उद्या पळालीस तर मागं पडशील, नाहीतर स्नायू फाटेल."

नियम सोपा होता. शर्यतीआधी कारण सांगून माघार घेतली, तर पंधरवड्यानं पुन्हा संधी. पळून मागं पडलं की वर्ष गेलं. मी दिराला फोन लावला.

"वहिनी, दुखतंय म्हणजे लागू पडलंय!" तो म्हणाला. "आणि माघार घेतली तर लोक काय म्हणतील? कोचचीच मुलगी..."

पोरीच्या पायापेक्षा ह्याचं नाक मोठं.

रविवारी मैदानावर महाशय प्रेक्षकांच्या पायऱ्या कठडा धरून उलटे उतरत होते. मला मनापासून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! बुटाची नाडी सुटलेली, पण वाकायची हिंमत नव्हती. तोंड मात्र चालूच. "जरा वॉर्मअप कर, मोकळं होईल."

पोरीनं त्या नाडीकडे पाहिलं. कण्हत खाली बसली, ती बांधली, उठली आणि थेट पंचांच्या टेबलाकडे निघाली. मागोमाग मी, दीर पाय ओढत शेवटी.

"माघार? कारण काय?" पंचबाईंनी विचारलं.

"ताप आहे तिला," दीर घाईघाईनं म्हणाला. "रात्रीपासून."

पोरीनं वळूनही पाहिलं नाही. "ताप नाही, मॅडम. कोचनी चुकीच्या दिवशी व्यायाम दिला."

मैदानावरसुद्धा ती त्याला बाबाच म्हणायची. कितीदा तरी त्यानं सगळ्यांदेखत दटावलं होतं, इथं कोच म्हणायचं म्हणून. त्या दिवशी ती पहिल्यांदा म्हणाली, आणि माझा दीर मान खाली घालून उभा राहिला.