दोन सीटांची लाल गाडी

मित्रांनो, मी एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. लाल रंगाची, बुटकी, दोन दारांची आणि दोनच सीटांची. सध्या माझा मुक्काम रायपूरच्या शंकर नगरात, एका घराच्या फाटकाच्या आत, निळ्या ताडपत्रीखाली आहे. मागच्या चाकातली हवा गेली आहे, बॅटरी मेली आहे आणि बॉनेटखाली उंदरांनी संसार थाटला आहे. थोडं रडगाणं तुम्हाला ऐकावं लागेल, तेवढी तयारी ठेवा.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथून जहाजाने मी मुंबईला आले आणि मुंबईहून ट्रकवर चढून रायपूरला. इथल्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याने आपल्या हौशी मुलासाठी मला मागवलं होतं. त्या दिवसांत, खोटं कशाला सांगू, मी फार मिरवले. तेलीबांधा तलावाकाठी मला उभं केलं की पोरं भोवती गोळा व्हायची आणि माझ्या नाकाला टेकून फोटो काढायची. मला तेव्हा असं वाटायचं की या शहरातले सगळे रस्ते आपल्यासाठीच बांधले आहेत. मग त्या मुलाने दुसरी मोठी, महागडी गाडी घेतली. मला पंडरीच्या बाजारात एका कापडाच्या गोदामामागे नेऊन ठेवलं. किती पावसाळे गेले मला ठाऊक नाही. गठ्ठे उतरवणारे हमाल जेवणाचे डबे माझ्या टपावर ठेवायचे आणि मी आतल्या आत चडफडायची.

शेवटी जुन्या गाड्यांच्या एका दलालाने मला उचललं, घासूनपुसून आपल्या अंगणात उभं केलं. तिथे मला यशदीप भेटला.

यशदीप सिलतऱ्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. घरी वडील गुलाबराव, आई शांताबाई आणि बायको पायल. मंडळी मूळची भंडाऱ्याकडची. गुलाबराव रेल्वेच्या नोकरीमुळे रायपूरला आले आणि इथलेच झाले. घरी सात माणसांची एक मोठी गाडी होतीच. पण यशदीपला लहानपणापासून वेगाच्या गाडीचं वेड. रविवारी पळवायला, आपल्या खिशाला झेपेल अशी दुसरी एखादी गाडी असावी, एवढंच त्याचं स्वप्न होतं. महिनोन्‌महिने तो मोबाइलवर गाड्यांची चित्रं बघत होता. सुटे भाग कुठे मिळतात, दुरुस्ती कोण करतं, याची चौकशी त्याने गावभर केली होती. निवड करता करता अखेर तीन गाड्या उरल्या. एक उघडी जीप, एक चार दारांची छोटी पण चपळ गाडी, आणि मी. जीप पायलला पसंत नव्हती. मग मी आणि ती चार दारांची, अशा दोघीच शेजारी शेजारी उभ्या राहिलो.

यशदीपचं मन माझ्यावर होतं आणि डोकं तिच्यावर. तो वडिलांना म्हणाला, "बाबा, ही चार दरवाजेवाली बी मस्त पळते. मागं तुम्ही आन आई बसान."

गुलाबराव माझ्याभोवती एक चक्कर मारून आले. त्यांनी माझ्या पत्र्यावरून तळहात फिरवला.

"आमच्यासाठी घरी मोठी आहे ना?" ते म्हणाले. "हे तू मजेसाठी घेऊन राहिला ना? मग मजेचीच घे. काहून आमाले तिच्यात कोंबतो?"

"लेकिन बाबा, दोनच सीटा..."

"तू आन पायल, दोघंच तर आहा. माह्या घरात आजलोक जे आलं ते कामाचं आलं. सायकल ड्यूटीसाठी, शिलाई मशीन तुह्या फीसाठी. एक तरी वस्तू बिनकामाची येऊ दे घरात."

दलाल हसून म्हणाला, "हव बाबूजी, ये तो शौक वाली गाड़ी है."

अशी मी त्या घरात गेले. शांताबाईंनी मला पाहून नाक मुरडलं. "एवढे पैसे देऊन दोनच सीटा? आन एवढी खाली? हिच्यात मांडी घालून बसा लागते का?" असं त्या म्हणाल्या, पण दुसऱ्याच दिवशी मला बुद्धविहारात नेलं तेव्हा माझ्या बॉनेटवर फुलं त्यांनीच ठेवली. वंदना झाली, सगळ्यांना खीर वाटली. गोदामामागे सडत पडलेल्या माझ्यासारखीला दुसरं काय हवं होतं?

मग आमचे रविवार सुरू झाले. सकाळी नव्या रायपूरच्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर यशदीप मला मोकळं सोडायचा. कधी आम्ही महानदी ओलांडून सिरपूरला जायचो. तिथल्या जुन्या विहाराच्या विटांमध्ये यशदीप आणि पायल तासभर हिंडायची आणि मी झाडाखाली अंग निववत उभी राहायची.

पण माझं पोट जमिनीला फार जवळचं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक ब्रेकर होता. गल्लीतली मुलं रस्त्यावर खेळतात म्हणून रहिवाशांनी वर्गणी काढून स्वतःच तो घातला होता, आणि घालताना सिमेंटची कंजूषी केली नव्हती. पहिल्याच रविवारी माझं पोट त्याच्यावर असं खरवडलं की यशदीपचा चेहरा उतरला. मग त्यांनी एक युक्ती काढली. ब्रेकर आला की यशदीप थांबायचा. पायल दार उघडून उतरायची. वजन कमी झालं की मी थोडी वर उचलली जायची, यशदीप मला तिरकं करून हळूच पलीकडे काढायचा, आणि पायल चालत येऊन पुन्हा बसायची. "बेगम साहिबा, बैठिए," तो म्हणायचा आणि ती खळखळून हसायची. जाताना एकदा, येताना एकदा. त्यांच्या रविवारचा तो खेळच झाला होता.

गुलाबराव फाटकात उभे राहून हा खेळ बघायचे. "डावीकडून घे, डावीकडून! घासली नाई पाहिजे!" असं तिथूनच ओरडायचे. आम्ही परत आलो की गुडघ्यावर हात टेकून, वाकून माझं पोट तपासायचे. जुन्या बनियनने मला तेच पुसायचे. माझ्यात मात्र ते कधी बसले नाहीत. यशदीपने आग्रह केला की म्हणायचे, "पोट्ट्याहो, तुमची मजा तुम्ही करा." मला ते फार आवडायचे. या घरात माझ्यावर सगळ्यात जास्त जीव कोणाचा असेल तर त्यांचा.

आता मोठ्या गाडीबद्दल सांगते. ती वर्षातून कित्येकदा घराबाहेर असायची, कारण ओळखीत कोणाच्याही मुलीचं लग्न निघालं की गुलाबराव ती देऊन टाकायचे. त्यांच्या स्वतःच्या लग्नात गावातल्या कोणीही त्यांना वाहन दिलं नव्हतं. बैलगाडीसुद्धा नाही. नवरी आणि वऱ्हाड उन्हातून चालत आलं होतं. ती नवरी म्हणजे शांताबाई. त्यामुळे लग्नासाठी गाडी मागायला आलेल्या माणसाला गुलाबरावांच्या तोंडून नकार निघतच नसे. मी आल्यापासून तर त्यांना चांगलंच निमित्त मिळालं. "घ्या ना, घरी दुसरी आहे," असं ते म्हणायचे.

त्या रविवारी त्यांचे रेल्वेतले जुने सोबती दिवाकर यांच्या मुलीचं, देवश्रीचं लग्न होतं. मोठी गाडी दुपारीच नागपूरकडच्या पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला गेली होती, आणि मदतीला म्हणून पायलही तिच्यात गेली होती. उरलेल्यांना मी नेणार होते. आधी शांताबाई, मग दुसऱ्या फेरीत गुलाबराव.

संध्याकाळी गुलाबराव पांढरा सदरा घालून ओसरीवर आले आणि गुंड्या लावता लावता खुर्चीवर बसले. कपाळ घामाने ओलं झालं होतं.

"छातीत गॅस धरला," ते म्हणाले.

यशदीपने त्यांच्या पाठीला हात लावला आणि तो घाबरला. "बाबा, ॲम्ब्युलन्स बुलाता हूँ."

"लग्नाच्या दिवशी दारात ॲम्ब्युलन्स? दिवाकरले कोणी सांगितलं तर तो मांडव सोडून येईन. घरी गाडी आहे ना? चाल."

ते स्वतःच्या पायांनी माझ्यापर्यंत आले. बसायला म्हणून पहिल्यांदाच. मी त्यांना आत घेतलं, पण मित्रांनो, माझी सीट ही काय आजारी माणसाची जागा आहे? पाय सरळ पुढे, पाठ खोल खाली, छाती दुमडलेली. शांताबाई पाण्याची बाटली घेऊन धावत आल्या आणि दाराशी थबकल्या.

"मी कुठं बसू?" त्यांनी विचारलं.

त्यांनी बाटली नवऱ्याच्या मांडीवर ठेवली. "तू ये मागून," गुलाबराव म्हणाले, आणि आम्ही निघालो.

गल्लीच्या तोंडाशी ब्रेकर आला. यशदीप थांबला. त्याने गिअर पहिल्यावर घेतला, चाक डावीकडे वळवलं, आणि तो थांबूनच राहिला. गुलाबरावांनी दार उघडलं.

"मी उतरतो," ते म्हणाले. "घासन ते."

माझ्या सीटवरून उठायला धडधाकट माणसालाही जोर लावावा लागतो. त्यांनी दोन्ही हातांनी माझं दार धरलं. माझ्या बिजागऱ्यांवर त्यांचा सगळा भार आला आणि मला त्यांचा श्वास ऐकू आला. मला ओरडता येत असतं तर मी तेव्हा ओरडले असते. ते उठले. यशदीपने मला तिरकं करून हळूच पलीकडे काढलं. मी घासले नाही.

पलीकडे तो थांबला, नेहमीसारखा. शेजारचं दार उघडंच होतं, पण कोणी आलं नाही. त्याने आरशात पाहिलं. गुलाबराव ब्रेकरवर बसले होते. मग ते आडवे झाले. पोरांनी क्रिकेट थांबवलं, शेजारी धावले, कोणीतरी रिक्षा थांबवली. रिक्षात त्यांना मोकळं निजवता आलं आणि यशदीप त्यांच्याजवळ चढला, एवढं मी बघितलं. मी तिथेच, दार उघडं टाकून, रस्त्यात उभी राहिले. शांताबाई माझ्या बाजूने धावत गेल्या, पण तोवर रिक्षा निघून गेली होती. दवाखान्यात पोहोचण्याआधीच ते गेले होते, असं मागून घरातल्या बोलण्यातून मला कळलं.

नातेवाईक कुजबुजले की ही गाडीच पनवती. त्या घरात असल्या गोष्टी कोणी मानत नाही, तरीही माझ्याजवळ कोणी आलं नाही. यशदीपने सगळ्यांना सांगितलं की बाबांचा जीव घाबरा झाला, हवा हवी म्हणून त्यांनी दार उघडलं आणि ते उतरले. लोकांनी ते ऐकलं आणि माना हलवल्या. पायलनेही काही विचारलं नाही. मला विकायची भाषा एकदोनदा झाली, पण गिऱ्हाईक आलं की यशदीप घरात निघून जायचा. मग ही ताडपत्री आली.

गेल्या रविवारी शांताबाईंनी ती ओढून काढली. दार उघडून त्या आत बसल्या, गुलाबरावांच्या जागी. यशदीप धावत बाहेर आला.

"आई, काय करून राहिली? निघ, अंदर उंदीर आहेत."

"इथंच बसले होते ना ते?"

"हव."

त्या उठायला गेल्या. उठता येईना. यशदीपने हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. दार धरून, धापा टाकत, दोन वेळा परत खाली बसून, अखेर त्या उभ्या राहिल्या. श्वास जागेवर यायला वेळ लागला.

"मी धडधाकट आहो, तरी मले उठता नाई आलं," त्या म्हणाल्या. "छातीत दुखणारा माणूस एवढी ताकत लावून काहून उतरला?"

यशदीप खाली पडलेली ताडपत्री गोळा करायला वाकला.

"हवेसाठी तर काच खाली करता येते."

"गाडी घासू नये म्हणून, आई." त्याचा आवाज मला ओळखू येईना. "म्हणाले, मी उतरतो."

"आन तू? बसा नाई म्हणालास?"

"नाई. ब्रेकर आला की बाजूचं माणूस उतरते, तशी सवयच होती. आई, मी... मी त्यांच्या उतरायचीच वाट पाहून राहिलो होतो."

शांताबाई ओसरीच्या पायरीवर बसल्या. मुलाला त्यांनी जवळ घेतलं नाही आणि बोलही लावला नाही. अंधार पडेपर्यंत दोघं तशीच होती, तो माझ्या दाराशी आणि त्या पायरीवर.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी तुम्हाला हात जोडून सांगतात, आम्हाला जपा, पुसा, सावलीत ठेवा. माझं तसं काही मागणं नाही. माझी ती हौस पुरेपूर भागली आहे, माझ्याइतकी जपलेली गाडी या शहरात दुसरी नसेल. माझं पोट घासू द्या. पत्रा ठोकून सरळ होतो, रंग पुन्हा लावता येतो. तुमच्या गाडीत बसलेलं कोणी गाडीसाठी उतरायला लागलं, तर त्यांना बसा म्हणा.