ड्रायव्हरसाठी भरलेला डबा

मी एक जुना, तीन पुडांचा डबा आहे, मित्रांनो. पत्र्यावर ठोके खात खात मला आकार आला. मुलाला कारखान्यात पहिली नोकरी लागली त्या दिवशी एका आईने मला विकत घेतलं आणि झाकणावर 'सोन्या' असं नाव कोरून घेतलं. तो लाजला. "आई, मी आता लेथ चालवणार. सोन्या काय?" पण माझ्याशिवाय तो कधी कामाला गेला नाही.

सहा वर्षं मी त्याच्या सायकलला लटकून हिंडलो. मग एका संध्याकाळी दारू प्यालेल्या ड्रायव्हरचा ट्रक आमच्या अंगावर आला. सोन्या जागीच गेला. माझी कड चेपली.

ड्रायव्हर तुरुंगात गेला, मी फळीवर. आई रोज प्रार्थनेला बसे, पण 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा केली' ही ओळ आली की तिचा आवाज बंद पडे. पुढचं तिची मुलगी, ताई, एकटीच म्हणे. ताईचं लग्न झाल्यावर ती ओळ त्या घरात कोणीच म्हटली नाही.

बऱ्याच वर्षांनी ड्रायव्हर सुटून आला. छातीच्या दुखण्याने पार खंगलेला. बाजारामागच्या खोलीत पडून असे. कोणी त्याच्या दारात जाईना. आईच्या कानावर हे आलं. दोन दिवस ती माझ्या फळीपाशी येऊन परत फिरली. तिसऱ्या दिवशी तिने मला खाली काढलं, घासलं आणि गरम भात, भाजी भरून त्या खोलीत नेलं.

ड्रायव्हरने झाकण पाहिलं. "हे नाव..."

"माझ्या मुलाचं. जेव."

त्याचा हात पुढे होईना. पहिला घास पोटात जाईपर्यंत आई समोर बसून राहिली. परतताना ती एका ओट्यावर टेकली आणि रडत म्हणाली, "प्रभू, राग गेलेला नाही माझा. डबा तेवढा नेते."

मग रोजच नेऊ लागली. चर्चमध्ये तिच्या बाकावरच्या बायका तिच्यापासून दूर सरकून बसू लागल्या. पाळकसाहेब घरी आले. "शिकवण खरी आहे, पण लोकांच्या भावनाही बघाव्या लागतात."

"साहेब, मुलगा माझा गेलाय," एवढंच ती म्हणाली.

ताई आली ती डोळे सुजवूनच. "सासरी तोंड दाखवायची सोय राहिली नाही. म्हणतात, तुझ्या आईला मुलाचं काही वाटतच नाही. निदान सोन्याचा डबा तरी नको, आई. दुसऱ्या कशात ने."

"त्याचा आहे म्हणून तर पाय उचलतो गं. प्रभूने सांगितलंय ते तूही माझ्या मांडीवर बसून ऐकलंयस."

"मग मी येणार नाही."

दोन वर्षं ती आली नाही. मला भरून झालं की आई क्षणभर दाराकडे बघायची, मग निघायची.

एका सकाळी भात चुलीवर असतानाच आई खाली बसली, ती उठलीच नाही. अंत्यविधीला सगळी मंडळी लोटली. सरकून बसणाऱ्या बायकाही पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "केवढं मोठं मन होतं." ड्रायव्हरला मात्र कोणी कळवलं नाही.

तिसऱ्या दिवशी ताई घर आवरत होती. भिंत धरत धरत तो दाराशी आला. "माई आजारी आहेत का? तीन दिवस आल्या नाहीत."

ताईने हातातलं फडकं घट्ट धरलं. "आई गेली," ती म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं. तो पायरीवर बराच वेळ बसून होता. आत ताई मला छातीशी धरून रडत होती. पण तिने दार उघडलं नाही.

आता मी ताईच्या कपाटात, काचेआड असतो. आईची आठवण म्हणून ती मला दर आठवड्याला पुसते. मित्रांनो, मला असं जपू नका. तो माणूस अजून जिवंत आहे की नाही, मला ठाऊक नाही. त्याच्या खोलीची वाट मला पाठ आहे, पण मला पाय नाहीत. कोणीतरी मला भरा आणि उचला.