काल्बूबू आत्याचा थर्मास

बुरुलचे टॉन्सिल काढायचे ठरले, तेव्हा तिच्या आत्याने, काल्बूबूने, मला एकच विचारलं.

“पोरीचा आवाज कुठे राहतो, ठाऊक आहे ना तुम्हाला?”

“खाली, इथे.” मी स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून दाखवलं. “टॉन्सिल वर असतात, जिभेच्या मागे दोन्ही बाजूंना. मी खाली उतरणारसुद्धा नाही.”

“चोरही असंच म्हणतो, फक्त अंगणात आलो होतो म्हणून.”

बुरुलला हसू आलं, पण आवंढा गिळताना तिचे डोळे मिटले. ती आयतीश गाते. दोघे गायक समोरासमोर बसतात, कोमुझच्या तारा छेडत तिथल्या तिथे कडवी रचून एकमेकांवर सोडतात. उत्तराला उशीर झाला की हरलात. दर शरदात नारीनच्या मैदानावर मोठी स्पर्धा होते आणि नेमका तेव्हाच बुरुलचा घसा सुजायचा. तापात अंथरुणावर पडून ती विजेता म्हणून प्रतिस्पर्धी कुबातचं नाव जाहीर झालेलं ऐकायची. या वेळीही गैरहजर राहिली, तर पुन्हा बोलावणार नाही, असं पंचांनी कळवलं होतं.

आमच्या खोऱ्यात घसा धरला की लोक आधी काल्बूबू आत्याकडे जातात. बोटाला मीठ लावून ती सुजलेला टॉन्सिल दाबते. पू निघतो, आराम पडतो. बुरुल त्या बोटाखालीच वाढली.

“माझ्या बोटाने काय वाईट केलं?” आत्या म्हणाली.

“काही नाही. पण दरवर्षी तिथेच जावं लागतं त्याला.”

आत्याने बोट शालीला पुसलं. तो होकार आहे असं मी धरलं.

शस्त्रक्रिया जागेपणीच झाली. घशात बधिरतेची सुई दिली, बुरुल खुर्चीत ताठ बसून राहिली. टॉन्सिल जुनाट दुखण्याने आजूबाजूला चिकटले होते, त्यामुळे हळूहळू सोडवावे लागले. दुसरा बशीत पडला तशी ती नाकातून एक सूर गुणगुणली.

“गप्प,” मी म्हटलं. “आवाज जागेवर आहे. आता त्याला झोपू दे.”

वॉर्डात मी सांगून ठेवलं की फक्त थंड द्यायचं, शक्यतो आईस्क्रीम. आत्याने मान डोलावली. पण आमच्याकडे दुखऱ्या घशाला थंड देणं म्हणजे जीव घेणं. भर उन्हाळ्यातही पाणी कोमट करून पाजतात.

संध्याकाळी फेरीला गेले, तर खोलीत मटणाच्या चरबीचा वास. आत्याच्या शालीतून थर्मास डोकावत होता आणि बुरुलच्या हनुवटीवर रक्त ओघळत होतं.

“शोर्पो पाजला?”

“दोनच घोट. अंगात ऊब नको का?”

कढत रश्श्याने जखम उघडली होती. मी बुरुलला उठवून बसवलं, रक्त थुंकायला लावलं, बोटाला कापसाची गुंडाळी केली आणि डाव्या बाजूच्या खळग्यात दाबून धरली. दुसरा हात बाहेरून, जबड्याच्या कोनाखाली.

“आत्या, डोकं धरा तिचं.”

तिने धरलं. बुरुल माझ्याकडे बघत राहिली. हा घसा पुन्हा गाईल का, हेच तिला विचारायचं होतं, पण तोंडात माझं बोट असल्यामुळे विचारू शकत नव्हती. समोरच्या डोंगरावरचं ऊन शेंड्यापर्यंत चढलं.

“हे तर दाबणंच आहे,” आत्या हळूच म्हणाली.

“हो.”

“मग इतकी वर्षं शिकलात काय?”

“बोट केव्हा काढायचं ते.”

काढलं, तेव्हा कापूस फक्त गुलाबी होता. मी दिवा धरून बराच वेळ पाहिलं. खळगा कोरडा राहिला.

दुसऱ्या दिवशी आत्या टॉवेलात गुंडाळलेलं आईस्क्रीम घेऊन आली. चेहरा विष आणल्यासारखा. “मारायचंच असेल तर गोड तरी असू दे,” म्हणत तिने चमचा भरवला.

जखम भरल्यावर बुरुल गायला लागली आणि धावत माझ्याकडे आली. “डॉक्टर, आवाज माझा वाटत नाही. घरातली भिंत पाडल्यावर घुमावा तसा घुमतोय.”

“जागा झाली आहे. राहायला शीक तिथे.”

ती नदीकाठी जाऊन शिकली. पाण्याच्या आवाजावर स्वतःचा आवाज चढेपर्यंत.

स्पर्धेच्या दिवशी मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. कुबातने कोमुझ उचलला आणि सुरुवातच तिथून केली:

“गाठींसोबत बशीत गेला सूर तुझा गं, बाई,
डॉक्टरिणीच्या फडताळातून परत यायचा नाही.
मुकीच बस तू समोर माझ्या, मान हलव नुसती,
मुक्या माणसासंगे कसली खेळायची मी कुस्ती?”

लोक खो खो हसले. काहींनी वळून माझ्याकडे पाहिलं. आत्याने माझं मनगट घट्ट पकडलं. हसणं ओसरायच्या आत बुरुलची तार वाजली:

“खिंडीमधले दोन धोंडे काढून टाकले, भाऊ,
अडून होता कळप माझा, म्हटलं आता जाऊ.
खिंड मोकळी, घोडे सुटले, बघ त्यांचा दरारा,
वाटेत आता तूच उरलास, सरक बाजूला जरा.”

शेवटचा शब्द तिने सोडलाच नाही. तो वर चढला, आणखी वर, आणि मैदानापलीकडच्या कड्यावर आपटून परत आला तरी ती गातच होती. असा आवाज मी तिच्या गळ्यातून कधी ऐकला नव्हता. तिनेही नसावा. कुबातचा हात तारांवर गेला, थांबला. त्याने कोमुझ मांडीवर आडवा ठेवला, छातीवर हात ठेवून मान झुकवली आणि खरोखरच बाकावर जरासा बाजूला सरकला. मग जो गलका झाला, त्यात पंचांचा निकाल कोणाला ऐकूच आला नाही.

बक्षिसाच्या घोड्याचा लगाम धरून बुरुल आमच्याकडे आली. घामाने चिंब, हसत. आत्याने शालीखालून थर्मास काढला. मी तिच्याकडे रोखून पाहिलं.

“बघू नका अशा,” आत्या झाकण फिरवत म्हणाली. “आईस्क्रीमच आहे. थर्मासात वितळत नाही, एवढं तरी ठाऊक असेल ना तुम्हाला?”